यंत्रमानवाला भूक लागू द्या

चार-पाच जणांनी चटईवर गोल बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा एक खेळ आहे. त्याला भूमिकेचा खेळ म्हणतात. त्यात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे 'मी असे करतो' म्हणून सांगतात, आणि जमले की फसले ते काही अंशी नियमांवरून व काही अंशी फाशांवरून ठरते. या खेळाचा पहिला छापील अवतार म्हणजे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात राक्षस आणि जादूगार होते. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, 'मेटामॉर्फोसिस अल्फा' हा अंतराळयानातला खेळ आला आणि चटईवर यंत्रमानवही येऊन बसला.

यंत्रमानव आला आणि तक्रारी सुरू झाल्या. तुम्ही खेळला असाल तर हा अनुभव तुम्हालाही असेल. एक गडी म्हणतो, 'मी यंत्रमानव होणार.' त्याला झोप लागत नाही, भूक लागत नाही, उन्हाचा त्रास होत नाही आणि शंभर किलोचे ओझे तो सहज उचलतो. बाकीची पात्रे दमतात, तहानेने व्याकूळ होतात, चुकतात. तिसऱ्या दिवशी बाकीचे गडी म्हणतात, 'मग आम्हीही यंत्रमानवच होतो.' तिथे खेळ संपतो, कारण सर्वशक्तिमान पात्रांना कोणतीच अडचण उरत नाही, आणि अडचण नसेल तर गोष्टही उरत नाही.

यावर पुष्कळ सूत्रधार एक सोपा तोडगा काढतात. 'यंत्रमानवाने आपली शक्ती दिवसातून तीनदाच वापरावी' असा नियम करून ते मोकळे होतात. माझ्या मते हा तोडगा आळशीपणाचा आहे. तीनदाच का? चौथ्यांदा काय होते? सकाळी एक खुर्ची उचलली आणि दुपारी एक बैलगाडी उचलली, तर दोन्ही वेळा खर्च सारखाच कसा? विज्ञान शिकणाऱ्या मुलाला असा नियम पटू नये. माझे म्हणणे असे की यंत्रमानवाला खरी भूक लागू द्यावी, आणि ती भूक भौतिकशास्त्राच्या तराजूत तोललेली असावी. तसे केले तर खेळ अधिक रंगतो, आणि नववी-दहावीच्या पुस्तकात कोरडी वाटणारी ऊर्जा व शक्ती ही प्रकरणे हाताला लागतात. शिक्षकांनीही या सूचनेचा विचार करावा.

भुकेल्या यंत्राची कल्पना नवी नाही. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. पण खऱ्या अर्थाने भुकेले यंत्र केले ते इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने, १९४८-४९ च्या सुमारास. त्याने तीन चाकांची दोन यांत्रिक कासवे बनवली आणि त्यांची नावे ठेवली एल्मर व एल्सी. प्रत्येकाला उजेड ओळखणारा एक डोळा आणि अंगात एक बॅटरी होती. बॅटरी भरलेली असली की कासव झगझगीत उजेडापासून दूर सरे आणि खोलीभर हिंडे. बॅटरी उतरू लागली की त्याचा कल बदले. घरकुलात लावलेल्या तेजस्वी दिव्याकडे ते वळे, आत शिरे आणि पुन्हा भारित होऊन बाहेर पडे. पाहा बरे, भूक लागताच त्या साध्या यंत्राच्या वागण्यात केवढा जिवंतपणा आला! बाहेर हिंडावे की घरी परतावे, हा प्रश्न त्याला पडू लागला. आपल्या खेळातल्या यंत्रमानवाला नेमका हाच प्रश्न पडायला हवा.

आता ही भूक मोजायची कशी? आजच्या खऱ्या यंत्रांकडे पाहू. बोस्टन डायनॅमिक्स या कंपनीचा 'स्पॉट' नावाचा चार पायांचा रोबो तुम्ही चित्रफितींत पाहिला असेल. त्याचे वजन सुमारे ३२ किलो, त्याच्या बॅटरीत मावणारी ऊर्जा सुमारे ६०० वॅट-तास, आणि एका भरणात तो साधारण दीड तास चालतो. वॅट-तास म्हणजे काय हे ठाऊक असेलच, तरी सांगतो. शंभर वॅटचा दिवा एक तास लावला की १०० वॅट-तास खर्च होतात, आणि असे हजार झाले की वीजबिलावर एक युनिट चढते. म्हणजे स्पॉटच्या पोटात एक युनिटसुद्धा मावत नाही.

हा रोबो अमरावतीहून अकोल्याला निघाला आहे असे समजा. अंतर साधारण शंभर किलोमीटर. त्याचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला १.६ मीटर. त्या वेगाने तो दीड तास अखंड चालला असे मानले तरी साडेआठ किलोमीटरांच्या आसपास त्याचा दम संपेल. बडनेरा अजून पुढेच असेल! साध्या चालीने गेला तर सहा किलोमीटरच धरावे, म्हणजे किलोमीटरला १०० वॅट-तास.

त्याच्याबरोबर साठ किलो वजनाचा एक माणूस चालू लागला तर? त्याला किलोमीटरमागे साधारण ५० किलोकॅलरी, म्हणजे ५८ वॅट-तास लागतात. ज्वारीच्या ७५ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे ३०० वॅट-तास ऊर्जा मिळते. तेव्हा दोन भाकरी म्हणजे स्पॉटची पूर्ण बॅटरी, आणि त्या दोन भाकरींवर माणूस बडनेऱ्याला पोहोचतो. भाकरींना पीठ लागले १५० ग्रॅम. बॅटरीचे वजन मात्र चार-पाच किलो. माणसाने फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून दिवसभराच्या मजुरीला जावे आणि कोट्यवधी खर्चून केलेल्या यंत्राने दीड तासात भिंतीतले भोक शोधावे, यात मला तरी मोठी गंमत वाटते.

खेळात मात्र दर वेळी वॅट-तासांचे गुणाकार करीत बसलो तर दोन गडी झोपतील आणि तिसरा उठून जाईल. म्हणून मी चिंचोके सुचवतो. एक चिंचोका म्हणजे ५० वॅट-तास. यंत्रमानवाच्या गड्याने सुरुवातीला १२ चिंचोके वाटीत घेऊन ती सर्वांना दिसेल अशी समोर ठेवावी. बारा गुणिले पन्नास, सहाशे. खर्च झाला की चिंचोका उचलून सूत्रधाराला द्यायचा. कागदावर आकडा खोडण्यापेक्षा वाटी रिकामी होताना दिसणे फार परिणामकारक असते. चिंचोके नसतील तर सागरगोटे किंवा मक्याचे दाणे चालतील.

आता दर ठरवू. चालण्याला किलोमीटरमागे दोन चिंचोके, हे वर आलेच. ओझे उचलण्याला किती द्यावे? इथे बहुतेक जण फसतात. त्यांना वाटते, उचलणे हे सर्वांत शक्तीचे काम, म्हणून तेच सर्वांत महाग. गणित करून पाहा. ५० किलोचे सोयाबीनचे पोते १० मीटर उंच चढवायचे, तर ५० × ९.८ × १० म्हणजे ४,९०० ज्यूल. एक वॅट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल. म्हणजे या कामाला दीड वॅट-तासही लागत नाही! मोटरींत आणि दात्यांच्या चक्रांत पाचातले चार भाग वाया गेले असे धरले तरी सात वॅट-तास. एका चिंचोक्यात सात पोती तीन मजले चढतात.

याच्या उलट, यंत्रमानवाला एक लिटर पाणी उकळून मागा. २५ अंशांचे पाणी १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी, म्हणजे ८७ वॅट-तास लागतात. थोडी उष्णता वाया जातेच, तेव्हा सरळ दोन चिंचोके. चौघांचा चहा म्हणजे एक किलोमीटर चाल किंवा चौदा पोती! उष्णता किती महाग असते हे पुस्तकातल्या व्याख्येने मनावर ठसत नाही. चहासाठी दोन चिंचोके मोजावे लागले की ते ठसते.

नुसते उभे राहण्याला काय दर लावावा? भौतिकशास्त्र म्हणते, बल लावले पण विस्थापन झाले नाही तर कार्य शून्य. म्हणून हुशार गडी वाद घालील की उभ्या यंत्रमानवाचा खर्च शून्य धरा. पण गुडघ्यातल्या मोटरींना सांधा धरून ठेवण्यासाठी वीज सतत घ्यावीच लागते. तिचे कार्य होत नसले तरी उष्णता होते आणि मोटर तापते. हात पुढे करून पाण्याची बादली पाच मिनिटे धरून पाहा, म्हणजे यंत्रमानवाचे दुःख कळेल. म्हणून उभे राहण्याला अर्ध्या तासाला एक चिंचोका लावावा. बसून नुसते पाहण्या-ऐकण्याला दोन तासांना एक. सर्व बंद करून झोपण्याला दिवसाला एक. चालण्याच्या दरात उभे राहण्याचा खर्च आलाच, तो वेगळा घेऊ नये. हे शेवटचे तीन दर मी खेळासाठी ठरवले आहेत. तुमचा यंत्रमानव चाकांवर चालणारा असेल तर त्याचे उभे राहणे जवळजवळ फुकट ठेवा, कारण चाकाला तोल सांभाळावा लागत नाही. मग तो पायऱ्यांपाशी अडेल, हे ओघानेच आले.

या सगळ्यामागची कल्पना नीट कळायची असेल तर वऱ्हाडातली एखादी विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीत तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. साठलेले पाणी किती, ही झाली ऊर्जा. पंप एका मिनिटाला किती उपसतो, ही झाली शक्ती. आणि उपसा थांबल्यावर झऱ्यातून पाणी किती वेगाने भरते, हे झाले पुनर्भरण. पाच अश्वशक्तीचा पंप लावला की दोन तासांत विहीर तळाला जाते आणि मग झरे पाझरण्याची वाट पाहत बसावे लागते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. खेळातले बहुतेक यंत्रमानव बिघडतात ते याच कारणाने. सूत्रधार फक्त साठ्याचा विचार करतो आणि झऱ्याचा विसरतो. माझ्या मते खरी मौज झऱ्यात आहे. पोट किती मोठे यापेक्षा पुन्हा भरणार कुठे आणि केव्हा, या प्रश्नावर गोष्टी जन्माला येतात.

ही गोष्ट वऱ्हाडाने जुन्या काळापासून पाहिली आहे. मूर्तिजापूर स्थानकातून एक फाटा अचलपूरकडे आणि एक यवतमाळकडे जाई. त्या अरुंद रुळांवरची गाडी म्हणजे शकुंतला. आज ती धावत नाही, पण १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो हे सर्वांना आठवते. पाणी लागते हे आठवत नाही. एक किलो कोळसा जळताना सहा-सात किलो पाण्याची वाफ होऊन जाते, आणि इंजिन ते पाणी परत मिळवत नाही. त्यामुळे कोळसा शिल्लक असतानाही इंजिन पाण्यावाचून अडू शकते. म्हणूनच वाफेच्या काळात ठरावीक अंतरावर पाण्याची टाकी आणि सोंडेसारखा नळ असलेली स्थानके लागत. नकाशावरची ती ठिकाणे इंजिनाच्या तहानेने ठरवलेली होती. तुमच्या खेळाचा नकाशाही असाच यंत्रमानवाच्या भुकेने आखा. प्रत्येक गावावर खूण करा: इथे वीज आहे का, असल्यास केव्हा?

'केव्हा' हा प्रश्न आपल्याकडे तरी अगदी खरा आहे. गावठाणाची लाइन वेगळी आणि शेतीची वेगळी. शेतीला थ्री फेज वीज कित्येक वर्षे पाळ्यांनी मिळत आली आहे, काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीला ओलितासाठी उठणारा शेतकरी तुमच्या घरीच असेल. अलीकडे सौर वाहिन्यांमुळे काही ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली आहे. आता समजा, तुमचा यंत्रमानव एखाद्या शेतातल्या डीपीपाशी संध्याकाळी पोहोचला. वाटीत तीन चिंचोके आहेत आणि लाइन येणार रात्री दहाला. त्याने बसून वाट पाहावी की सरळ झोपावे? झोपला तर राखण कोण करील? आणि डीपी जळालेली असली तर? इथे सूत्रधाराने खुशाल फासा टाकावा. लाइन आली की भिंतीच्या साध्या बोर्डावर तासाला बारा चिंचोके भरू द्यावेत. याच अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटच्या दोन संचांचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याच्या धुराड्याकडे पाहत अंधारात बसलेला यंत्रमानव हा माझ्या दृष्टीने एक उत्तम प्रसंग आहे, आणि तो रचायला फारशी कल्पनाशक्तीही लागत नाही.

'पाठीवर सौरपट्टी लावू,' असे कोणीतरी म्हणणारच. लावू द्या, पण हिशेबाने. यंत्रमानवाच्या पाठीवर पाव चौरस मीटर पट्टी मावली तर कडक उन्हात ५० वॅट मिळतील. चांगल्या दिवशी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतके धरले तर २५० वॅट-तास. धूळ आणि उष्णता वजा करून चार चिंचोके. म्हणजे दिवसभर ऊन खाऊन दोन किलोमीटरांची चाल! शिवाय हे ऊन त्याने उभे राहून खाल्ले तर पाच तासांत दहा चिंचोके खर्च होतील आणि चार मिळतील. त्याने आडवेच पडले पाहिजे. चंद्रावर उतरलेल्या आपल्या प्रज्ञान गाडीची सौरशक्तीही ५० वॅटच होती. म्हणूनच २६ किलोची ती गाडी सेकंदाला एक सेंटिमीटर इतक्या मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली.

अकोल्याच्या उन्हाळ्यात यात आणखी एक गाठ आहे, आणि ती मला फार आवडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा ऊन भरपूर असते, त्यामुळे सौरपट्टी जोरात चालेल असे वाटते. पण पट्टीचे वॅट मोजलेले असतात ती २५ अंशांवर असताना. उन्हात ती स्वतः ६५ अंशांपर्यंत तापते, आणि दर अंशामागे तिची शक्ती साधारण ०.४ टक्के घटते. चाळीस अंशांचे सोळा टक्के गेले. त्याहून मोठी अडचण बॅटरीची. बऱ्याच लिथियम-आयन बॅटऱ्या ४५ अंशांवर भारित करू नयेत असे बनवणारेच सांगतात, कारण त्याने त्यांचे आयुष्य घटते आणि धोकाही वाढतो. म्हणजे भर दुपारी ताटात अन्न आहे, पण घास गिळता येत नाही. यंत्रमानवाला कडुनिंबाच्या सावलीत बसून चार वाजण्याची वाट पाहावी लागेल, अगदी शेतातल्या माणसांसारखी. सूत्रधाराने उन्हाळ्यात बारा ते चार 'भरण बंद' असा नियम ठेवावा. चिखलदऱ्याला गेले तर तो काढावा. मग मैदानात राहायचे की डोंगर चढून थंड हवेत जायचे, हाही एक निर्णय होतो.

सगळे मार्ग असे अडवले की हुकमाचे पान पडते: 'माझा यंत्रमानव अणुशक्तीवर चालतो!' जणू अणू म्हटले की हिशेब संपला. मंगळावर २०१२ साली उतरलेली क्युरिऑसिटी गाडी किरणोत्सारी प्लुटोनियमच्या उष्णतेवरच चालते. तिच्यात ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड घातले होते. त्यापासून सुरुवातीला उष्णता सुमारे २,००० वॅट मिळे आणि तिच्यातून वीज होई अवघी ११० वॅट. म्हणजे तासाला दोन चिंचोके, ना कमी ना जास्त, दिवसरात्र. विहिरीच्या भाषेत सांगायचे तर झरा कधी आटत नाही, पण करंगळीएवढाच वाहतो. असा यंत्रमानव उभा राहिला की त्याची आवक आणि जावक बरोबर जुळते, वाटी भरतच नाही. चालायचे असेल तर आधी झोपून साठवावे लागते. अणुशक्तीच्या गड्याला हा दर खुशाल द्या. तो आठवड्याभरात स्वतःहून बॅटरी मागेल.

एका बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. यंत्रमानवाची भूक सूत्रधाराच्या लहरीवर असता कामा नये. काही सूत्रधार ऐन लढाईत 'तुझी बॅटरी संपली' असे जाहीर करतात. ती अडचण गड्याच्या कोणत्याही कृतीतून आलेली नसते, म्हणून तो चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त आहे. सगळे दर आधी सांगावेत, वाटी उघडी ठेवावी. फासा टाकायचा तो ढगांसाठी, लाइनसाठी, डीपीसाठी. पोटातल्या चिंचोक्यांसाठी टाकू नये.

नियम असे उघडे असले की काय होते ते एका प्रसंगावर पाहा. ऑगस्ट महिना आहे. पूर्णेला पूर आला आहे. नदीकाठच्या एका वस्तीतली माणसे शाळेच्या गच्चीवर चढली आहेत. डीपी पाण्यात आहे. खारपाणपट्ट्यातला हा भाग. विहिरींचे पाणी एरवीही खारट, आणि आता नळाचेही गढूळ. यंत्रमानवाच्या वाटीत पाच चिंचोके उरले आहेत. गच्चीवर एक आजी म्हणते, 'बाळाच्या दुधासाठी लिटरभर पाणी उकळून दे रे बाबा.' ते दोन. खाली धान्याची चौदा पोती भिजायच्या बेतात आहेत, ती वर घेतली तर वस्तीचे दोन महिने निभतील. तेही दोन. दोन किलोमीटरांवर उंचावर एक गाव आहे, तिथे अजून वीज आहे, आणि होडीचा निरोपही तिथूनच देता येईल. तिथे जायला चार. आणि ही चर्चा यंत्रमानव उभ्याउभ्या ऐकत राहिला तर दर अर्ध्या तासाला एक.

काय कराल? पाणी उकळले आणि पोती चढवली तर निरोप जात नाही. निरोपाला निघाला तर बाळाचे पाणी राहते. कोणी म्हणेल, पोती माणसे चढवतील, दमतील पण चढवतील, आणि लाकडे ओली असल्याने पाणी मात्र यंत्रमानवानेच उकळावे. हे उत्तर मला चांगले वाटते. उचलण्याचे काम माणसांकडे आणि उष्णतेचे काम बॅटरीकडे, ही वाटणी चिंचोके न मोजता सुचली नसती. पण तरीही निरोपाला एक चिंचोका कमीच पडतो. तो कसा वाचवायचा? वाटेत किलोमीटरावर एखादे घर, कोणाचा सौर कंदील, कोणाच्या फवारणी पंपाची बॅटरी मिळेल का? बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची ती बॅटरी भरलेली असेल तर ९६ वॅट-तास देईल. जवळजवळ दोन चिंचोके! हा गुणाकार चटईवरच्या एखाद्या मुलाने स्वतःहून केला, तर शिक्षकांनी त्याला त्या तासाचे पूर्ण गुण द्यावेत.

शेवटी वाटी रिकामी झालीच तर? यंत्रमानव मेला असे समजू नये. चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञानला, रात्र होण्याआधी, २ सप्टेंबरला झोपवण्यात आले. बॅटरी भरलेली होती आणि पुढच्या सकाळचे ऊन पट्टीवर पडेल अशा बेताने तिला उभे केले होते. चंद्रावरच्या रात्रीची थंडी सोसून ती जागी होईल अशी थोडी आशा होती. ती जागी झाली नाही. मंगळावरची ऑपर्च्युनिटी गाडी जानेवारी २००४ मध्ये उतरली ती नव्वद दिवसांच्या कामासाठी, आणि चालली चौदा वर्षे. धुळीने पट्ट्या माखत, मग कधी वाऱ्याची वावटळ येऊन त्या झाडून जाई. जून २०१८ मध्ये सबंध ग्रहभर धुळीचे वादळ उठले, पट्ट्यांवर अंधार झाला आणि १० जूननंतर तिचा संदेश आला नाही. मागचे शास्त्रज्ञ फेब्रुवारी २०१९ पर्यंत तिला हाका मारीत राहिले. झोपलेले यंत्र जागे होईल की नाही, हा असा प्रश्न आहे. त्यासाठी फासा ठेवायला माझी हरकत नाही. एक झोप सुखरूप, दुसऱ्या झोपेला सहा पडला तर एक सांधा निकामी, असे काहीतरी.

आणि झोपलेला यंत्रमानव बाकीच्यांनी उचलून न्यावा. तो ३२ किलोचा असेल तर दोघे आळीपाळीने नेतील, शंभर किलोचा असेल तर बंडी जुंपावी लागेल. त्या वेळी यंत्रमानवाच्या गड्याने रिकामे बसू नये, त्याने बंडीवाल्याची भूमिका घ्यावी. दिवसभर सर्वांना ओढून नेणाऱ्याला आता मित्र ओढून नेत आहेत, हा भाग खेळताना मुले फार हसतात. बैल कडब्यावर चालतात आणि रात्री झोपले की सकाळी हमखास उठतात. त्यांच्या कडब्याचेही चिंचोके मोजावेत की नाही, हे मात्र तुमच्या सूत्रधाराने ठरवावे.